उसना विस्तव

निवृत्तीनंतर नगरकडे परत जायचं, हे आमचं लग्नाच्या वर्षापासून ठरलेलं होतं. ठरवणारा माणूसच एका संध्याकाळी गुडगावच्या माळाचा नकाशा घेऊन घरी आला आणि म्हणाला, "इथे फ्लॅट बुक केलाय." माझे यजमान फौजेत कारकुनीत होते. जन्मभर दुसऱ्यांच्या बदल्यांचे कागद रंगवले आणि शेवटी स्वतःची बदली स्वतःच्या हातानं करून घेतली. ताबा मिळाल्यावर जेमतेम दोन हिवाळे त्यांनी त्या फ्लॅटमध्ये काढले. मग त्यांना दिल्लीत मातीत ठेवलं. मुलगा तोवर कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेलेला होता. उरले मी आणि तिसरा मजला.

तेव्हा आमची सोसायटी म्हणजे अर्धी माणसांची आणि अर्धी कबुतरांची होती. समोरच्या फ्लॅटला कुलूप, खालच्याला कुलूप. लिफ्टसाठी खड्डा होता, लिफ्ट नव्हती. गॅलरीतून एका बाजूला मोहरीची शेतं दिसत आणि दुसऱ्या बाजूला काचेची ऑफिसं उभी राहत होती. छावणीत असताना दारात कायम कुणी ना कुणी उभं असे, वाटीभर साखर मागायला किंवा नुसतंच नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगायला. इथे कुणाला साखर लागत नव्हती. दिवसचे दिवस तोंडातून मराठी शब्द निघायचा नाही. मी कुकरशी बोलायचे. "झालं का रे बाबा तुझं?" असं विचारलं की निदान तो शिट्टी तरी द्यायचा.

रविवारी दोन गोष्टी व्हायच्या. सकाळी मुलाचा फोन आणि नंतर उपासना. मुलगा विचारायचा, "आई, सगळं ठीक?" मी म्हणायचे, "बिल्कुल." उपासना मार्केटच्या तळघरात भरे. आमच्या नगरच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटी, तबला, टाळ असत आणि शेवटच्या बाकावरची म्हातारी सुद्धा वरच्या पट्टीत गायची. इथे गिटार होती आणि हिंदी-इंग्रजीची खिचडी. पास्टर केरळचे, तरुण, मनानं लोण्यासारखे, पण सदा घाईत. मंडळींमध्ये बहुतेक नवीन ऑफिसांतली मुलंमुली. मला सगळे आंटी म्हणत. आंटी म्हटलं की माणसाला दुसरं नाव, गाव, काही लागत नाही.

मे महिन्यात ती आंधी आली. तिकडे आंधी दरवर्षी येते, धूळ उडवते, जाते. ही तशी नव्हती. भर दुपारी पश्चिमेचं आभाळ विटेच्या भुकटीसारखं झालं आणि दिवा लावावा इतका अंधार पडला. मग वारा आला. वाऱ्याला इतका आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून बसले आणि मराठीतून मोठ्यानं प्रार्थना केली. तासाभरानं बाहेर येऊन पाहते तर एक काच फुटलेली आणि कुणाच्या तरी गॅलरीतली चटई माझ्या गॅलरीत. आमचं नुकसान एवढंच.

दूधवाला मात्र आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो मानेसरच्या पलीकडल्या एका गावाचा. तिसऱ्या दिवशी आला तो रिकाम्या हातानं. जिन्यातच बसला आणि म्हणाला, "आंटी, छत उड़ गी. भैंस दब गी. गाम म्हं कुछ ना बच्या." रोज दुधातल्या पाण्यावरून माझी त्याच्याशी हुज्जत व्हायची. त्या दिवशी मी त्याला चहा दिला आणि रविवारी उपासनेत उभी राहून सगळं सांगितलं. तळघरात पहिल्यांदाच माझ्या बोलण्याकडे कुणी कान दिला.

पुढच्याच शनिवारी आम्ही बस करून गेलो. गावात शिरताना रस्त्यावर आडवी झालेली कीकरची, म्हणजे बाभळीची, झाडं होती. विजेचे खांब वाकून शेतात टेकले होते. मातीच्या भिंती बसल्या होत्या, पत्रे तळ्यात पडले होते आणि शाळेच्या डोक्यावर नुसतं आभाळ. माणसं फार गेली नव्हती, देवाची कृपा. पण पावसाळा महिन्याभरावर होता आणि निम्मं गाव उघड्यावर.

पास्टरनी बसमध्येच बजावलं होतं की प्रार्थना करायची ती इथे, बसमध्ये. गावात उपदेश नाही, पुस्तकं वाटणं नाही, फक्त पत्रे, पाइप, विटा आणि आपले हात. तरी चौपालावर, म्हणजे गावच्या चावडीवर, हुक्का ओढत बसलेले म्हातारे आमच्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होते. एकानं विचारलंच, "इसम्हं थारा के फायदा?" यात तुमचा काय फायदा? त्याचंही बरोबर होतं. त्या वर्षांत शहरातून गाडी आली की ती जमीन विचारायलाच यायची. पास्टरच्या हातात बायबल असतं तर एक वेळ चाललं असतं, म्हाताऱ्यांना तिथे सात-बारा दिसत होता.

मुलं ऑफिसच्या टोप्या घालून भिंतींना लागली. आठवडाभर मंडळीनं ठेवलेले गवंडी राबत आणि शनिवारी-रविवारी बस भरून हात येत. मला बायकांकडे धाडलं, कारण मला शेण, चूल, गोठा यातलं कळतं असा माझा लौकिक झाला होता. बायका डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत ओढून बसत. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बांगड्यांच्या आवाजात मिळे. दूधवाल्याची बायको तर माझ्यासमोर कितीदा आली, गेली, मला तिचा चेहरा ठाऊक नव्हता की आवाज.

त्याच घराच्या गोठ्याशेजारी एक खाट होती. खाटेवर घाघरा नेसलेली, उंच पण कमरेत वाकलेली एक म्हातारी हुक्का ओढत बसलेली असे. दूधवाल्याची मोठी चुलती. त्यांच्याकडे मोठ्या चुलतीला ताई म्हणतात, आणि घरादाराचं बघून सगळं गावच तिला ताई म्हणायचं. मला ते आपलं मराठी ताई म्हणून जिभेवर सहज बसलं.

"तू कित की सै?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. कुठली तू?

"महाराष्ट्राची."

"वो कित सै?"

मी दक्षिणेकडे हात केला. तिनं तिकडे बघितलं. तिथे नवा टोलेजंग कारखाना उभा राहत होता. तिला तो महाराष्ट्र वाटला असेल.

"तेरा आदमी?"

"गेले."

"छोरे?"

"एक. अमेरिकेत."

ती खाटेवर सरकली. "बैठ ज्या," म्हणाली. किती महिन्यांनी मला कुणी जवळ बसायला जागा करून दिली होती. मी बसले आणि मला एकदम रडू आलं. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून चिलीम फुंकली.

ताई तरुणपणीच विधवा झालेली, पोर ना बाळ. दिराच्या घरात राबून तिनं आयुष्य काढलं, आता पुतण्याच्या, म्हणजे दूधवाल्याच्या घरात. पण एक गोष्ट तिची स्वतःची होती. शाळेच्या भिंतीला लागून तिचा बिटोडा होता. त्या भागात गोवऱ्यांची रास झोपडीसारखी रचतात, वरून शेणामातीनं लिंपतात, बोटांनी नक्षी काढतात आणि गवतानं शाकारतात. त्याला बिटोडा म्हणायचं. आत पाऊस जात नाही. प्रत्येक घराचा असतो, चुलीसाठी. ताईचा चुलीसाठी नव्हता.

"मैं इसम्हं जळूंगी," तिनं मला दाखवताना सांगितलं. बाजारातली साडी दाखवावी इतक्या सहज.

गावात कुणी गेलं की घरोघरून चार लाकडं, टोपलीभर गोवऱ्या येतात, ही तिथली रीत. रीत चांगलीच होती. पण ताईला ती नको होती. जन्मभर दुसऱ्याची भाकरी खाल्ली, आता शेवटची आगही दुसऱ्याची? "मांगी आग म्हं ना जळूं मैं." दर फाल्गुनात ती जुन्या गोवऱ्या काढून घरच्या चुलीला देई आणि स्वतः थापलेल्या नव्या भरून ठेवी. सगळ्या गावाचे पत्रे आंधीनं नेले होते. ताईच्या बिटोड्याचं गवत उडालं, लिंपण तडकलं, एक बाजू जरा बसली, पण रास तशीच होती. याचा तिला केवढा अभिमान!

मी तिला सांगितलं की लहानपणी सकाळी आई मला खापरी देऊन शेजारी पिटाळायची, विस्तव आणायला. उसना विस्तव आणण्यात आमच्याकडे कुणाला लाज नव्हती.

"चूल्हे की बात और सै," ती म्हणाली आणि विषय संपला.

त्यानंतरच्या शनिवारी जे झालं ते आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतं. त्या दिवशी पास्टर गावच्या पुरुषांना घेऊन नुकसानभरपाईच्या कामासाठी तहसिलीत गेले होते. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणं वाटत होते. ताई चारा कापायला शेतात. बसमधून उतरलेल्या मुलांना कुणी तरी सांगितलं की आज शाळेचं आवार स्वच्छ करायचं. त्यांनी हातमोजे घातले, तोंडाला रुमाल बांधले आणि पडलेल्या विटा, फांद्या, पत्र्याचे तुकडे याबरोबर भिंतीलगतचा तो तडकलेला शेणाचा ढिगाराही ट्रॉलीत भरला. काचेच्या इमारतीत वाढलेल्या डोळ्यांना शेण म्हणजे घाण. तळ्याकाठचा खड्डा भरायचा होताच. त्यात सगळं लोटलं, वर माती टाकली, पाणी मारून चोपलं. मग मुलांना खेळायला बरं म्हणून मैदानावर चुन्याच्या रेषा ओढल्या.

समोरच्या दारांत गावच्या सुना उभ्या होत्या. दूधवाल्याची बायकोही. सगळ्या बघत होत्या, सगळ्यांना कळत होतं. पण चौपालावर सासऱ्याच्या वयाची माणसं बसलेली आणि समोर परके पुरुष. अशा वेळी सून आवाज चढवत नाही. आणि ती म्हातारी माणसं आमच्या ट्रॉलीकडे पाठ करून बसली होती, आमच्याकडे बघायचं नाही हा त्यांचा बाणा होता.

मी परतले तेव्हा ताई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन येत होती. शाळेपाशी थांबली. भारा खाली टाकला. त्या पांढऱ्या रेषांच्या मधोमध जाऊन ती खाली बसली. ओरडली नाही, रडली नाही. आमच्यातल्या एका मुलीला वाटलं, आजींना मैदान आवडलं. ती धावत जाऊन तिला बिस्किटं देऊ लागली. मला त्या मुलीची कणव आली आणि कानाखाली वाजवावीशीही वाटली.

संध्याकाळी पास्टर आले ते हात जोडूनच तिच्यासमोर बसले. ट्रकभर लाकूड आणून देतो म्हणाले. ताईनं मान हलवली. "लाकड़ी थारी, आग थारी. मेरा के?" पुतण्या म्हणाला, पैसे घे. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. मग पास्टरनी अगदी मनापासून एक वाक्य टाकलं, "माताजी, जब भी समय आएगा, हम सब आएँगे, सब कुछ हम करेंगे." करायला गेलो एक आणि झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की ख्रिश्चनांनी ताईचं सरण मुद्दाम मातीत घातलं, आता ताईलाही मातीत घालणार आणि आपल्यात ओढणार. सरपंचानं निरोप धाडला, काम बंद, गाडी आणू नका.

निम्म्या घरांवर पत्रे चढायचे होते. आभाळ भरून यायला लागलं होतं. आमच्या तळघरात बैठक झाली. कुणी म्हणालं माफीचं पत्र लिहू, कुणी म्हणालं दुसरं गाव धरू, गावांना काय तोटा आहे. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! मी घरी आले. इतरांचं एक गाव जात होतं, माझी त्या खाटेवरची जागा जात होती. खरं सांगायचं तर मला त्याचंच जास्त वाटत होतं.

सोमवारी मी एकटी निघाले. मानेसरपर्यंत बस, पुढे कामगारांनी गच्च भरलेली शेअर ऑटो. गावात कुणी माझ्याशी बोललं नाही. ताई गोठ्याबाहेर होती. तिच्यापुढे शेणानं भरलेलं घमेलं आणि बाजूला भुसा. ती थापत नव्हती, नुसती बघत होती. मी चपला काढल्या, पदर खोचला, खाली बसले आणि शेणात हात घातला. लहानपणानंतर पहिल्यांदा. भुसा कालवला, गोळा घेतला, जमिनीवर थापला. पाच बोटं उठली. दुसरी थापली. तिसरी.

"मोटी सै," ताई म्हणाली. जाड झाली.

"आमच्याकडे अशीच थापतात."

"थारै के धूप घणी सै?" तुमच्याकडे ऊन काय जास्त पडतं?

मग तिनं स्वतः हात घातला आणि पातळ कशी थापायची ते मला दाखवलं. दारांत पदर गोळा झाले. चौपालावरचे म्हातारे मान वळवून बघायला लागले. कोपरापर्यंत शेणात बुडालेली आंटी त्यांनी कधी पाहिली नसावी. दूधवाला हसला. रोज पाण्याचं दूध घालून मला हसायचा तो आज उघड हसला.

त्या गोवऱ्या काही वाळल्या नाहीत. चौथ्या दिवशी पावसानं त्यांचा लगदा केला. पण त्याआधी ताई काठी टेकत चौपालावर गेली होती. म्हाताऱ्यांच्या समोर उभी राहून म्हणाली, "छत चढाओ. बिटोड़ा फागण म्हं बणैगा. मैं फागण तै पहल्यां ना मरती." तिला मरायला सवडच नाही म्हटल्यावर कुणाची काय बिशाद! सरपंचानं स्वतः माणूस पाठवून पास्टरना बोलावलं. मुलांनी दिवसरात्र करून पत्रे चढवले. बिस्किटं देणारी ती मुलगी ताईच्या पायाशी बसून रडली. ताई तिला म्हणाली, "रोवै ना. तन्नै के बेरा था." तुला काय माहीत होतं.

पावसाळ्यात गाव कोरडं राहिलं. शाळा सुरू झाली. वाकलेले खांब सरळ झाले आणि दिवे लागले. सरपंचानं आम्हा सगळ्यांना खीर खायला घातली, पास्टरना पागोटं बांधलं. हुक्कावाल्या म्हाताऱ्यानं कबूल केलं की यात आमचा काही फायदा दिसत नाही. त्यानं ते अजूनही संशयानंच म्हटलं.

मग झालं ते सगळीकडेच होतं. दिवाळीपर्यंत मुलांच्या बदल्या झाल्या, पास्टरना मंडळीनं दक्षिणेत पाठवलं, तळघरात नवे पास्टर आणि नवी मोहीम. त्या गावाला कुणी विसरलं असं नाही, पण काम संपलं होतं आणि संपलेल्या कामाला बस जात नाही. शनिवारी मी एकटी जायचे. पूर्ण हिवाळाभर आम्ही दोघी गोवऱ्या थापत बसलो. आयुष्यातले ते माझे चांगले दिवस.

एकदा तिनं विचारलं, "थाम सच म्हं माट्टी म्हं दाबो सो?" मी सांगितलं, हो, पुरतात. यजमानांच्या शेजारीच मलाही ठेवतील. आणि सगळं झालं की आलेला प्रत्येक माणूस वर एकेक मूठ माती टाकतो. तिला ते आवडलं नाही, जीव गुदमरेल म्हणाली. मग हात थांबवून तिनं विचारलं, "अर तन्नै कौण ठावैगा?"

तुला उचलणार कोण?

"मुलगा येईल की. विमानानं."

"मौत तै तावळा आवै सै के जहाज?" मरणापेक्षा लवकर येतं का विमान?

मी हसले. पण त्या संध्याकाळी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर तो प्रश्न माझ्या आधी पोचलेला होता. समोर कुलूप, खाली कुलूप. मला खरंच कोण उचलणार होतं? मी यादी करू लागले आणि वॉचमनपाशी येऊन थांबले. मला फार भीती वाटली. मरणाची नाही, त्या जिन्याची.

फाल्गुनात बिटोडा उभा राहिला. ताईनं माझ्या जाड गोवऱ्या टाकून दिल्या नव्हत्या, खाली पायाला रचल्या. "मोटी धीरै जळैं सैं," म्हणाली, जाड असतात त्या सावकाश जळतात. लिंपण झालं, तिनं बोटांनी मोर काढला.

पुढची वर्षं भराभर गेली. ताई दर फाल्गुनात गोवऱ्या बदलत राहिली. तेव्हा निदान मी जायचेच, माझ्या नव्या जाड गोवऱ्या पायाला रचायला. पण माझे गुडघे धरले, शनिवार कमी होत गेले. गावाची जमीन कारखान्यांसाठी गेली आणि पैसा आला. मातीच्या भिंती जाऊन संगमरवर आला, आमच्या मुलांनी ठोकलेले पत्रे भंगारात गेले, घरोघरी गॅस आला. दूधवाल्यानं ताईच्या हट्टापायी एक म्हैस ठेवून बाकीच्या विकल्या आणि गाड्या भाड्यानं लावल्या. मी पिशवीचं दूध घेऊ लागले. गावातले बिटोडे एकेक करून मोडले. ताईचा राहिला. पुतण्या कुरकुर करायचा, पण मोडायची त्याची छाती नव्हती.

एका थंडीत दुपारी त्याचा फोन आला. "आंटी, ताई पूरी हो गी."

मी पोचले तोवर सगळं होऊन गेलेलं होतं. दारात खुर्च्या, तंबू, पांढरे कपडे. पुतण्या माझ्यापाशी बसून लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "कोए कसर ना छोड्डी, आंटी. चंदन की लाकड़ी, देसी घी."

"आणि बिटोडा?"

"गोसां पै थोड़े ए जळाते ताई नै," तो म्हणाला, गोवऱ्यांवर का जाळायचं ताईला. "लोग के कहते?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या परीनं त्यानं ताईचं सोनं केलं होतं. पण मला असा संताप आला की माझे कान तापले. मी उठून शाळेच्या भिंतीपाशी गेले. बिटोडा तसाच होता, त्यावरचा मोरही. मी लिंपणात बोटं खुपसली आणि ओढलं. वरच्या ताईच्या गोवऱ्या, पातळ, सारख्या. वाकून पायातल्याही काढल्या, जाड, ओबडधोबड. कुणाची तरी टोपली पडली होती, ती भरली.

टोपली डोक्यावर घेऊन वळले तर मागे दूधवाल्याची बायको उभी. तोंडावर पदर तसाच. तिनं दुसरी टोपली आणली होती. ती भरू लागली. मग शेजारची आली, तिच्या शेजारची आली. चौपालावरून कुणी तरी खाकरलं. कुणी थांबलं नाही.

मसणवटीच्या सुरुवातीला एक कडुनिंब आहे. त्यापुढे तिकडच्या बायका जात नाहीत. सगळ्यांनी निंबाखाली टोपल्या ठेवल्या आणि उभ्या राहिल्या. मी पुढे गेले. मी परक्या गावची, परक्या धर्माची, मला थांबवणारा सासरा त्या गावात नव्हता. एकटं असण्याचा तेवढा एक फायदा.

आत कुणी नव्हतं. चंदन जळून गेलं होतं, निखारे धगधगत होते. मी निंबापासून सरणापर्यंत खेपा घातल्या आणि ताईच्या गोवऱ्या ताईवर ठेवल्या. पातळ लगेच पेटल्या. माझ्या जाड आधी धुरावल्या, मग सावकाश लालसर झाल्या. बोटांचे ठसे शेवटपर्यंत दिसत होते. मी आमची प्रार्थना म्हटली, मराठीतून, मोठ्यानं. ऐकून तिनं विचारलं असतं, यो के कहवै सै? हे काय म्हणतेस? मी उभ्याउभ्या हुंदके देऊन रडले.

परत निंबाशी आले तेव्हा बाकीच्या गेल्या होत्या. एकटी दूधवाल्याची बायको थांबली होती. तिनं पदर वर केला. इतक्या वर्षांनी मी तिचा चेहरा पाहिला, साधा, थकलेला, माझ्या मुलापेक्षा थोड्याच मोठ्या बाईचा.

"ताई कह कै गई सै," ती म्हणाली. तुमचं काही झालं तर आमच्यातल्या कुणी तरी यायचं आणि मूठभर माती टाकायची, असं ताई सांगून गेली होती. "कित आणा सै? पता बता द्यो."

मी तिला पत्ता सांगितला. सोसायटी, इमारत, फ्लॅट. आणि तिसरा मजला आहे, लिफ्ट अजून नाही, हेही सांगितलं.

तिनं पदर खाली ओढला, रिकाम्या टोपल्या एकात एक घातल्या आणि डोक्यावर घेतल्या.

"कोए बात ना," ती म्हणाली. पुढचा शब्द ताईचाच होता, उचलण्याचा. "ठा ल्यांगे."